रक्ताच्या नमुन्यातून पोटाच्या कॅन्सरचा सुगावा?

आजचा विषय पोटाचा, म्हणजे नेमका जठराचा कॅन्सर. हा आजार सुरुवातीला गप्प असतो. थोडी जळजळ, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, बस्स. घरात आपण म्हणतो, "ॲसिडिटी असेल, गोळी घे." खात्री करायची तर एंडोस्कोपी लागते, आणि तोंडातून नळी म्हटलं की माणूस टाळतोच. मग नुसतं रक्त तपासून आधीच कळलं तर?

इथे येतात मायक्रोआरएनए. साधारण २२ अक्षरांचे हे चिमुकले तुकडे. पेशीत कुठलं प्रथिन किती बनायचं, यावर ते लगाम ठेवतात. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर कृमीत हा प्रकार दाखवला. २०२४ चं नोबेल त्यासाठीच. कॅन्सरमध्ये हा लगाम बिघडतो आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण बदलतं. एरवी आरएनए रक्तात पटकन तुटतो. हे मात्र प्रथिनांना चिकटून टिकतात, म्हणून मोजता येतात.

मग अडचण काय? मिआर-२१ नावाचा तुकडा घ्या. जठराच्या कॅन्सरमध्ये तो वाढतो, पण इतर बऱ्याच कॅन्सरमध्येही वाढतो. मिआर-४५१ ची गंमत वेगळीच. तो तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो. रक्त काढताना पेशी फुटल्या की आकडा वर जातो. दोष नमुन्याचा, जठराचा नाही!

म्हणून अनेक तुकडे एकत्र मोजतात. सिंगापूरमध्ये १२ मायक्रोआरएनएची चाचणी ५,००० हून जास्त लोकांवर तपासली गेली आणि वापरातही आली. पण तिचं काम चाळणीचं. एंडोस्कोपी कोणाची करायची, एवढंच ती सुचवते.

आता हिशोब करा. समजा, १,००० जणांत एकालाच कॅन्सर आहे आणि चाचणी दर १०० निरोगी माणसांत १० वेळा चुकते. म्हणजे जवळपास १०० जणांना उगाच धडकी भरणार.

तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच असं नाही, आणि निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही. आई-बाबांना गिळताना त्रास होतोय, वजन विनाकारण घटतंय, शौचाला काळी होतेय? मग नव्या चाचणीची वाट बघू नका. डॉक्टरांकडे न्या आणि एंडोस्कोपीबद्दल स्वतःहून विचारा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!