सांध्याची ताकद आणि सांध्याचं आयुष्य



चिकटवलेल्या कंपोझिट सांध्यांवर काम करताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. आज परिषदेच्या अध्यक्षपदाचं व्यासपीठ मिळालं आहे, तर तीच बोलतो. आपण सांध्याची ताकद मोजतो आणि तेच त्याचं आयुष्य धरून चालतो.

लॅप जॉइंटचा, म्हणजे दोन पट्ट्यांची टोकं एकमेकींवर चढवून (हाच ओव्हरलॅप) चिकटवलेल्या सांध्याचा, नमुना मशीनमध्ये ओढायचा, तुटतानाच्या भाराला क्षेत्रफळानं भागायचं आणि आलेला मेगापास्कलचा आकडा डेटाशीटवर छापायचा, ही आपली रीत. भार सांध्यात सगळीकडे सारखा वाटला जात नाही, तो दोन्ही टोकांशी एकवटतो, हे फोल्करसननं १९३८ मध्येच दाखवून दिलं. १९४४ मध्ये गोलंड आणि राइस्नर यांनी पुढचं सांगितलं: दोन पट्ट्या एका रेषेत नसल्यानं सांधा वाकतो आणि टोकांशी सोलून काढणारा ताण निर्माण होतो. कंपोझिटला तोच ताण सर्वांत जाचक, कारण थर आणि थर यांच्यामध्ये धागे नसतात, नुसतं रेझिन असतं. पुष्कळदा अ‍ॅडहेसिव्ह शाबूत राहतं आणि लॅमिनेटचा वरचा थरच उचकटून निघतो. ओव्हरलॅप दुप्पट केला म्हणून ताकद दुप्पट होत नाही, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. तरीही तो सरासरीचा आकडा टेंडरपासून शोधनिबंधापर्यंत मिरवतोच आहे.

फटीगमध्ये, म्हणजे भार पुन्हा पुन्हा येत-जात राहतो तेव्हा, तर तो आकडा सरळ दगा देतो. धातूत तड्याच्या वाढीचा वेग साधारणपणे भाराच्या तिसऱ्या-चौथ्या घातानं बदलतो. चिकटवलेल्या सांध्यात हा घातांक दहाच्या घरात जाऊ शकतो. भार दहा टक्के वाढला, तर घातांक तीन असताना वेग १.३३ पट होतो, दहा असताना जवळजवळ २.६ पट. म्हणून ‘तडा पडला तर पुढच्या तपासणीत पकडू’ हा धातूच्या विमानांवर बसलेला हिशेब इथे जुळत नाही. नेहमीच्या भाराखाली तडा वाढणारच नाही, अशीच सांध्याची रचना हवी. त्यासाठी टोकं निमुळती करण्यात घातलेला वेळ महागडं अ‍ॅडहेसिव्ह आणण्यापेक्षा जास्त कामी येतो, असं माझं ठाम मत आहे.

आता आपल्या इथलं पाहा. साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. ब्लेड म्हणजे ग्लास फायबरची दोन कवचं आणि आतले आधाराचे पडदे, एकमेकांना चिकटवलेले. वीस वर्षांच्या आयुष्यात ब्लेडवर भाराची दहा कोटींहून जास्त आवर्तनं होतात. आपल्याकडे जोरदार वारा मुख्यतः पावसाळ्यातच असतो. म्हणजे सांध्यावर भाराची आवर्तनं सर्वांत जास्त होतात तेव्हाच हवेत ओलही सर्वांत जास्त असते. रेझिननं पाणी शोषलं की त्याचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्या तापमानाला ते मऊ पडू लागतं ते, खाली येतं, पाणी चिकटलेल्या पृष्ठभागापर्यंत झिरपतं. आणि आपण फटीगचे नमुने कुठे तपासतो? वातानुकूलित प्रयोगशाळेत, कोरडे.

ब्लेडच्या कारखान्यात मोल्ड बंद होतो तो क्षण ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा जाऊन पाहावा. खालच्या कवचाच्या कडेनं अ‍ॅडहेसिव्हचा जाड पट्टा ओढत दोन-तीन जण पुढे सरकतात. ते घट्ट होण्याआधी काम उरकायचं असतं. मग वरचा मोल्ड उलटा होऊन खाली येतो. बाहेरच्या कडेनं जेवढं अ‍ॅडहेसिव्ह पिळून निघतं तेवढंच डोळ्यांना दिसतं. आत चिकटलेल्या पृष्ठभागाचं सँडिंग नीट झालं होतं का, पील प्लाय (लॅमिनेटवरचं सोलून काढायचं कापड) ओढल्यावर त्याच्यावरचं रिलीज एजंट मागे राहिलं होतं का, लॅमिनेटमध्ये ओल होती का, हे त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. अल्ट्रासाउंडला पोकळी सापडते. दोन पृष्ठभाग एकमेकांना नुसते टेकलेत की धरून आहेत, हे ते खात्रीनं सांगू शकत नाही.

याची किंमत विमान उद्योगानं मोजली आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढच्या भागाचं छत सुमारे २४,००० फुटांवर उडून गेलं. एक हवाई सेविका त्यात गेली. विमान १९ वर्षांचं होतं, ८९,६८० उड्डाणं झालेलं. सांधा अ‍ॅल्युमिनियमचा होता, पण धडा आपलाच आहे. पत्रे एपॉक्सी भिजवलेल्या कापडानं चिकटवून वर रिव्हेट मारलेले होते. ते कापड वापरेपर्यंत अतिथंड ठेवावं लागे. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरलं किंवा पृष्ठभागाची तयारी कमी पडली, की चिकटणं कच्चं राही. ओल शिरली, गंज चढला, चिकटलेलं सुटलं. मग जो भार अ‍ॅडहेसिव्हनं पेलायचा तो रिव्हेटवर आला, रिव्हेटच्या भोकांशी बारीक तडे पडले आणि ते एकमेकांना मिळाले. नवीन असताना त्या सांध्याची ताकद पुरेशीच होती.

छोट्या विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांनी मोक्याच्या सांध्यासाठी तीन वाटा दिल्या होत्या: सांधा ठरावीक मर्यादेपलीकडे सुटूच नये अशी रचना, प्रत्येक नगावर मर्यादा-भाराची (वापरात अपेक्षित कमाल भाराची) चाचणी, किंवा प्रत्येक सांध्याची ताकद खात्रीनं सांगणारी विनाविध्वंस तपासणी. तिसरी वाट कागदावरच राहिली. तशी तपासणी आजही आपल्या हाती नाही.

मग भरवसा ठेवायचा तो पृष्ठभाग तयार करणाऱ्या माणसावर. सँडिंगनंतर पाणी फवारून ते सलग पसरतं की थेंब धरतं हे निरखणारा आणि मग तो भाग पुरता वाळवून घेणारा कामगार कित्येक कारखान्यांत हंगामी असतो. त्याचं प्रशिक्षण एका सकाळीत उरकलं जातं. हे मला मान्य नाही. वेल्डरला प्रमाणपत्र लागतं, तसंच बाँडिंग करणाऱ्यालाही लागलं पाहिजे आणि त्याच्या पगारात ते दिसलं पाहिजे.

या परिषदेनं एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. यापुढे आपल्या नियतकालिकाच्या अंकात सांध्याच्या ताकदीचा आकडा तुटलेल्या पृष्ठभागाच्या छायाचित्राशिवाय छापू नये. फटीगच्या निबंधात ओल मुरलेल्या नमुन्यांचे निकाल असावेत. नसतील तर ते नाहीत, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावं. मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. समारोपाच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी. ज्यांना तो अव्यवहार्य वाटतो त्यांनी तिथे उभं राहून तसं सांगावं.