‘काही नाही, चक्कर आली होती’

हेडफोन लावलेत ना? गाडी चालवत असाल तर बाजूला थांबा, मग ऐका. इकडे वर्ध्यात ऊन असं तापलंय की दुपारी बारानंतर बजाज चौकात पाच मिनिटं उभं राहवत नाही. त्यामुळं आजचा विषय हाच: चक्कर येऊन पडणं. भोवळ म्हणा, घेरी म्हणा, मूर्च्छा म्हणा.

आपल्याकडं याची एक ठरलेली स्टोरी असते. कोणीतरी धाडकन पडतं. गर्दी जमते. एक जण तोंडावर पाणी मारतो, दुसरा कांदा फोडून आणायला पळतो, तिसरा चप्पल काढून नाकाशी धरतो. पडलेला माणूस डोळे उघडतो, लाजतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, ‘काही नाही, चक्कर आली होती.’ मग कोणीतरी चहा पाजतो आणि विषय संपतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की विषय तिथं संपायला नको. तो उठला, यावरून तो का पडला हे अजिबात कळत नाही. साध्या कारणानं पडलेला मिनिटभरात उठतो. आणि हृदयाच्या ठोक्यात गडबड होऊन पडलेलाही, नशीब चांगलं असेल तर, मिनिटभरातच उठतो. दोघंही सारखंच म्हणतात, ‘मी ठीक आहे.’

एक व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. २४ एप्रिल २०२४, पुसद, आपल्या शेजारचा यवतमाळ जिल्हा. दोन दिवसांनी, २६ तारखेला मतदान होतं, तिथंही आणि आपल्या वर्ध्यातही. नितीन गडकरी मंचावर भाषण करत होते आणि बोलता बोलता कोसळले. सोबतच्या लोकांनी उचलून नेलं, उपचार झाले, आणि थोड्या वेळानं ते परत मंचावर आले, भाषण पूर्ण केलं. नंतर त्यांनीच लिहिलं की उन्हामुळं अस्वस्थ वाटलं, आता बरा आहे, पुढच्या सभेला वरूडला निघालोय. त्याआधी डिसेंबर २०१८मध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठात दीक्षान्त समारंभात, तो झगा घालून राष्ट्रगीताला उभे असताना त्यांना अशीच भोवळ आली होती. शेजारी राज्यपाल विद्यासागर राव होते, त्यांनी सावरलं.

पुसदच्या व्हिडिओखाली कमेंट काय होत्या? ‘वाघ आहे’, ‘पुन्हा उभा राहिला’. कौतुक ठीक आहे. पण मंत्र्यासोबत ताफा असतो, डॉक्टर मिळतो, तपासण्या होतात. ‘लगेच उठून कामाला लागला’ ही गोष्ट आपण आपल्या आजोबांना, शेतमजुराला, ग्राउंडवरच्या पोट्ट्याला लावतो, तेव्हा त्यांच्यामागं यातलं काहीच नसतं.

आता आत काय होतं ते बघू. मेंदूला रक्त सतत लागतं. पुरवठा सहा ते दहा सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त खाली पायांकडं, पोटाकडं उतरतं. एरवी शरीर नसा आवळून, ठोके वाढवून ते भरून काढतं. पण ऊन असेल, पाणी कमी प्यालेलं असेल, उपास असेल, एका जागी ताटकळत उभं असाल, किंवा इंजेक्शनची सुई, रक्त, भीती, दुखणं असं काही झालं, तर हे गणित बिघडतं. कधी कधी शरीर उलटंच करतं: नसा सैल सोडतं आणि ठोके मंद करतं. प्रेशर घसरतं, माणूस आडवा. पंधरा ऑगस्टच्या कवायतीत पडणारी मुलगी, रक्तदान शिबिरात खुर्चीवरून घसरणारा दादा, हे बहुतेक यातलेच.

या साध्या प्रकाराची एक खूण असते. तो सांगून येतो. मळमळ, थंड घाम, जांभया, कानात गूंऽऽ, डोळ्यांपुढं आधी पांढरं मग काळं. शेजारचा म्हणतो, ‘अबे, चेहरा पांढरा पडला तुझा.’ एवढा वेळ मिळाला तर तो वापरा. लाज सोडून खाली बसा, जमलं तर आडवे व्हा. बसायला जागाच नसेल तर पायावर पाय टाकून मांड्या आणि पोट घट्ट आवळा, हाताच्या मुठी वळा. आवळलेले स्नायू रक्त वर ढकलतात. खरंच उपयोग होतो, करून बघा.

आता ज्याच्यासाठी हा एपिसोड केला, तो भाग. एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळी साडेपाचला ग्राउंड. सोळाशे मीटरचा तिसरा राउंड चालू असताना तो पळता पळता तोंडावर पडला. आधी काही जाणवलं नाही. हात पुढं करायलाही वेळ मिळाला नाही, हनुवटी फुटली. अर्ध्या मिनिटात उठला. सोबतची पोरं म्हणाली, ‘उपाशी आला असशील बे, केळं खा.’ दुसऱ्या दिवशी तो परत पळायला गेला.

मी त्याला फोन केला आणि म्हटलं, भाऊ, पळणं आजपासून बंद, आधी ईसीजी.

का? कारण पळताना पडणं आणि पळून झाल्यावर पडणं यात फार मोठा फरक आहे. राउंड संपवून एकदम थांबलात, तर पायातलं रक्त वर येत नाही आणि चक्कर येते. ते बहुतेकदा साधं असतं, म्हणून थांबल्यावर चालत राहायचं. पण ऐन जोरात पळताना, हृदय पूर्ण ताकदीनं पंप करत असताना, मेंदूला रक्त पोहोचलं नाही, याचा अर्थ पंपाकडं संशयानं बघायला पाहिजे. काही तरुणांचा हृदयाचा स्नायू जन्मापासूनच्या दोषानं जाड होत जातो. काहींच्या हृदयाच्या विजेच्या वायरिंगमध्ये दोष असतो. वरून धट्टीकट्टी पोरं, सिक्स पॅक वगैरे. बेशुद्ध पडणं हीच कधी कधी पहिली आणि एकमेव सूचना असते.

अशा वेळी घरातल्या जुन्या गोष्टी आठवायच्या. ‘काका तिशीतच झोपेत गेला.’ ‘आत्याचा मुलगा विहिरीत बुडाला, पट्टीचा पोहणारा होता तरी.’ घरात याला नजर म्हणतात, आयुष्य तेवढंच होतं म्हणतात. डॉक्टरसाठी मात्र ही कामाची माहिती आहे. ठोक्यांचा एक जन्मजात दोष असा आहे की ज्यात पोहताना हृदय दगा देतं, आणि तो घराण्यात चालत येतो. त्यामुळं जवळच्या नात्यात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल आणि तुम्ही एकदा जरी बेशुद्ध पडला असाल, तर ती चक्कर साधी धरू नका. तसंच बसल्या-झोपल्या जागी शुद्ध गेली, पडण्याआधी छातीत धडधडलं किंवा दुखलं, कसलीच चाहूल न लागता बटन बंद केल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. ईसीजी दहा मिनिटांचं काम आहे. आर्वी, हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालय आहे, वर्ध्यात जिल्हा रुग्णालय, आणि सेवाग्रामचं कस्तुरबा नाहीतर सावंगी मेघे आहेच. त्या भावाचा रिपोर्ट इथं सांगणार नाही, तो त्याचा खासगी मामला. तो गेला, एवढं सांगतो.

आता शेतात येऊ. शेतातली चक्कर वेगळी समजून घ्या. उन्हात काम करणारा माणूस पडला आणि आडवं केल्यावर दोन मिनिटांत शुद्धीवर आला नाही, किंवा आला पण बरळतोय, अंग तव्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत-मानेला बर्फ असेल तर लावा, आणि १०८. गार करणं लगेच सुरू करायचं, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. आणि पारा ४५ असला तरच हे होतं असं समजू नका. १६ एप्रिल २०२३ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात लोक उघड्या मैदानावर तासन्‌तास बसले होते. पारा चाळिशीच्या आतच होता. १४ जणांचा जीव गेला.

दुसरं, फवारणी. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या विषबाधेची सुरुवातही अनेकदा अशीच असते: चक्कर, मळमळ, डोळ्यांना अंधारी. फवारणारा म्हणतो, ऊन लागलं असेल, आणि बांधावर बसून पुन्हा पंप पाठीवर घेतो. तोंडाला लाळ, खूप घाम, उलट्या, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, असं दिसलं तर तो उन्हाचा त्रास नव्हे. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, तुमच्या हाताला ते औषध लागू देऊ नका, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत घ्या. निदान लेबलचा फोटो तरी काढा. कोणतं औषध होतं हे कळलं की डॉक्टरचा वेळ वाचतो.

आता बायकांकडं. आपल्या पिक्चरवाल्यांनी एक घोटाळा करून ठेवलाय. सुनेला चक्कर आली की वैद्य नाडी बघतो आणि म्हणतो, ‘गोड बातमी आहे!’ खऱ्या आयुष्यात राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, सरकारी पाहणीच सांगते. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खायचं, वर उपास, पाळीत रक्तस्राव जास्त झाला तरी सांगायचं नाही. त्या ताईला गोड बातमी नको, हिमोग्लोबिनची तपासणी पाहिजे. आणि एक धोक्याची गोष्ट: पाळी चुकलीय, ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय आणि चक्कर येऊन पडली, तर गर्भ नळीत राहून पोटात रक्तस्राव होत असू शकतो. तिथं तासाभराचा उशीरही महागात पडतो. हे मुलांनीही ऐकून ठेवा, घरात त्या वेळी कदाचित तुम्हीच असाल.

आजोबांचं थोडक्यात सांगतो. रात्री लघवीला उठले आणि मोरीत पडले, हे फार घरांत घडतं. झोपेतून एकदम उभं राहिलं की प्रेशर घसरतं, त्यात प्रेशरच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर आणखी. खाटेवर मिनिटभर पाय सोडून बसायचं, मग उठायचं. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला सांगा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणारं कोणी पडलं तर शुगर तपासा. शुद्धीत असेल तर साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर नको, पाणी नको, काहीच नको.

मग समोर कोणी पडलं तर करायचं काय? आडवंच राहू द्या. हीच गोष्ट आपण उलटी करतो. चार जण काखेत हात घालून उभं करतात, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेतात. अरे, रक्त डोक्याकडं जावं म्हणून तर शरीर आडवं झालं! तुम्ही त्याला परत उभं करताय. पाठीवर झोपवा, पाय थोडे वर धरा, गर्दी हटवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. कांदा आणि चप्पल यांनी कोणी शुद्धीवर येत नाही. तो आडवा झाल्यामुळं येतो, श्रेय चपलेला मिळतं.

हातपाय झटकले म्हणून लगेच मिरगी ठरवू नका. साध्या मूर्च्छेतही काही सेकंद झटके येतात. फरक नंतर दिसतो. मूर्च्छेतून उठलेला लगेच नाव-गाव सांगतो. फिट येऊन गेलेला बराच वेळ गोंधळलेला असतो, कधी जिभेची कड चावलेली असते. एका मुलीच्या कपाळावर ‘मिरगी’चा शिक्का बसला की तिचं लग्न, नोकरी सगळं अडतं, म्हणून हे सांभाळून बोला.

आणि हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही, श्वास नाही, किंवा मासा तडफडावा तसे अधूनमधून आचके आहेत, तर ही चक्कर नाहीच, हृदय थांबलंय. १०८ला फोन स्पीकरवर टाका आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. फुटबॉलवाल्यांना १२ जून २०२१ आठवत असेल. युरो कपमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन आजूबाजूला कोणी नसताना कोसळला. मैदानावरच छाती दाबली, शॉक दिला. तो जगला आणि छातीत यंत्र बसवून पुन्हा खेळायला लागला. वय तेव्हा २९.

शेवटी, ओपीडीत जाल तेव्हा. डॉक्टर तुम्हाला विचारतील काय झालं, आणि तुम्हाला ते आठवणारच नाही, तुम्ही तर बेशुद्ध होतात! म्हणून ज्यानं पडताना पाहिलं त्याला सोबत न्या, तो येऊ शकत नसेल तर फोनवर घ्या. तेव्हा काय करत होता, आधी काय जाणवलं, चेहरा पांढरा होता की निळा, किती वेळ शुद्ध नव्हती, उठल्यावर पहिलं वाक्य काय बोलला, हे त्याच दिवशी मोबाइलमध्ये लिहून ठेवा. एक जण मदत करत असताना दुसऱ्यानं दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला तरी चालतो, डॉक्टरला त्याचा खूप उपयोग होतो. फक्त तो डॉक्टरलाच दाखवायचा, स्टेटसला नाही.

फवारणीबद्दल तुमचे अनुभव असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढचा एपिसोड त्यावरच करतोय. येतो मग.