सल्ला देणारा कोण, उत्तरदायी कोण?



गावच्या पारावर किंवा वाड्याच्या ओट्यावर बसून कोर्टकचेरीचा सल्ला देणारी वडीलधारी माणसे महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. त्यांचा सल्ला दरवेळी अचूक असे, असे नाही. परंतु सल्ला देणाऱ्याचे नाव, घर, घराणे सर्वांना ठाऊक असे. सल्ला चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच पारावर त्याला तोंड दाखवावे लागे. लोकलज्जा हीच त्या सल्ल्याची हमी होती. आज तोच सल्ला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो. देणारा कोण, त्याच्याकडे वकिलीची सनद आहे की नाही, काहीच ठाऊक नसते. भाषा मात्र ठाम आणि कलमांचे आकडे जागच्या जागी! अशा सल्ल्यावर विसंबून एखाद्याचे नुकसान झाले, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे?

एक साधे उदाहरण घेऊ. एका दुकानदाराला उधारीपोटी मिळालेला धनादेश वटला नाही. कोणा अनोळखी हितचिंतकाने कळविले, 'घाई नको, वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते.' यात खोटे काही नाही. दिवाणी दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षेच आहे. परंतु पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील फौजदारी मार्ग वेगळा आहे. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करायची असते. नोटिशीची मुदत हुकली आणि धनादेशाची तीन महिन्यांची वैधताही संपली, की त्या धनादेशापुरता हा दरवाजा बंद होतो. दुकानदाराला कोणी फसविले नाही. त्याला अर्धे सत्य सांगितले गेले, आणि कायद्यात अर्धे सत्य अनेकदा असत्याहून महाग पडते.

दुसरा धोका शिळ्या सल्ल्याचा. याच नोटिशीची मुदत पूर्वी १५ दिवसांची होती. २००३ पासून ती ३० दिवस झाली. धनादेश पूर्वी सहा महिने चाले. १ एप्रिल २०१२ पासून तो तीन महिनेच चालतो. मुलींच्या वारसाहक्काचेही तसेच. वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असतील, तरच मुलीला सहदायिकीत हक्क, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही अट रद्द ठरविली; मुलीचा हक्क जन्मसिद्ध असल्याचे सांगितले. २०१५ चा निकाल सांगणारा संदेश आजही हातोहात फिरत असेल, तर तो वाचून एखादी बहीण 'आपला हक्कच नाही' असे समजून हक्कसोडपत्रावर सही करील. पुढे ते नोंदणीकृत पत्र रद्द करून घेणे किती कष्टाचे असते, हे भोगणाऱ्यालाच ठाऊक!

मग जबाबदारी कोणाची? आपल्याकडे अपकृत्यांच्या कायद्याची संहिता नाही. इंग्लंडमधील निवाड्यांतील तत्त्वे भारतीय न्यायालये मार्गदर्शक मानत आली आहेत. तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६३ मध्ये हेडली बर्न या जाहिरात संस्थेच्या प्रकरणात मोलाचे तत्त्व सांगितले. एका बँकेने या संस्थेच्या ग्राहकाची पत चांगली असल्याचे कळविले. त्यावर विसंबल्याने संस्थेचे सुमारे १७ हजार पौंड बुडाले. विशेष ज्ञान असणारा माणूस, दुसरा आपल्या शब्दावर विसंबणार हे जाणून निष्काळजीपणे सल्ला देईल, तर करार नसतानाही तो भरपाईस पात्र ठरू शकतो, असे न्यायालय म्हणाले. तथापि बँकेने 'आमच्यावर जबाबदारी नाही' असे आधीच लिहिले होते, म्हणून ती सुटली. सहज गप्पांत व्यक्त केलेले मत आणि व्यावसायिक सल्ला यांत फरक आहे, हेही लॉर्ड रीड यांनी स्पष्ट केले.

मात्र फुकट सल्ला म्हणजे नेहमीच मोकळीक, असेही नाही. १९८८ मध्ये इंग्लंडच्याच अपील न्यायालयाने, मैत्रिणीसाठी विनामोबदला जुनी मोटार निवडून देणाऱ्याला जबाबदार धरले. अपघातग्रस्त मोटार नको, असे तिने बजावले होते. तरीही त्याने दुरुस्त केलेल्या बॉनेटची चौकशी केली नाही. तेथे माणूस ओळखीचा होता, जाणकारीचा दावा त्याने केला होता आणि विसंबणे स्वाभाविक होते. निनावी सल्लागाराबाबत यांतले काय सिद्ध करणार? ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्यावर दावा तरी कसा लावणार? संदेश वाहून नेणाऱ्या कंपनीलाही माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७९ अटींसह संरक्षण देते. म्हणजे कागदावर हक्क आहे, पण हाती काही येत नाही.

सनदधारक वकिलाचे तसे नाही. १९२६ च्या विधिज्ञ शुल्क अधिनियमाच्या कलम ५ नुसार, केवळ वकील आहे म्हणून व्यावसायिक निष्काळजीपणाच्या दाव्यातून त्याला सूट मिळत नाही. व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झाल्यास अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली सनद निलंबित वा रद्द होऊ शकते. १४ मे २०२४ च्या निकालाने वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगात जाण्याचा मार्ग बंद झाला. पण दिवाणी न्यायालय आणि वकील परिषद हे मार्ग खुले आहेत. वकीलही चुकतो. परंतु त्याला नाव आहे, नोंदणी क्रमांक आहे, त्याच्या चुकीचा जाब विचारण्याचे ठिकाण आहे. अशिलाच्या शुल्कात ज्ञानाबरोबरच या उत्तरदायित्वाचेही मोल असते.

ज्याला शुल्क परवडत नाही, त्याने काय करावे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. अल्प उत्पन्न असणाऱ्या इतरांनाही ते मिळते. जिल्हा प्राधिकरण आणि तालुका समितीची कार्यालये न्यायालयांच्या आवारात आढळतात. १५१०० हा मदतीचा क्रमांकही आहे. तेथील सल्लाही फुकटच, पण तो देणारा वकील नावानिशी ओळखता येतो.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला लोक विश्वासाने विचारतात, 'दादा, काय करू?' तेथे कलमे सांगण्याचा मोह आवरणे हीच खरी सेवा होय. कागद नीट जपायला सांगावेत, नोटिशीवरील तारीख पाहावी, आणि त्याच दिवशी त्या माणसाला विधी सेवा समितीच्या दारापर्यंत सोबत न्यावे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही म्हण कायद्यापुरती थोडी बदलावी लागेल. ऐकावे जनाचे, पण सही करण्यापूर्वी अशा माणसाला विचारावे, ज्याचे नाव ठाऊक आहे आणि जो उद्या त्याच जागी उत्तर द्यायला उभा असेल.