बालवाचक व ग्रंथपारितोषिके

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ग्रंथालयाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात ग्रंथालयाविषयी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा महोत्सव समितीकडून झाली, तेव्हा आम्हास जसा आनंद झाला तसा संकोचही वाटला. आनंद अशाकरिता की, देवळाच्या आवारातील ही लहानशी खोली आमच्या आयुष्याचा मोठा भाग होऊन राहिली आहे. संकोच अशाकरिता की, त्या खोलीतील कपाटाची किल्ली बरीच वर्षे आमच्याच खिशात होती, आणि तिचा उपयोग आम्ही प्रत्येक वेळी शहाणपणाने केला असे आमचे मन आम्हास सांगत नाही. सबब, आज उपदेश करण्याच्या आधी थोडा कबुलीजबाब द्यावा लागेल.

या महोत्सवाच्या निमित्ताने मुलांच्या वाचनासाठी एक पारितोषिक ठेवावे, अशी सूचना समितीपुढे आली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु पारितोषिक कोणास द्यावे आणि ते कोणी द्यावे, या दोन प्रश्नांचा विचार आधी केला पाहिजे. हा विचार आपणच प्रथम करीत आहो असे मुळीच नाही. इतर देशांतील ग्रंथपालांनी त्यावर बरीच वर्षे खर्च केली आहेत, आणि त्यांच्या अनुभवापासून आपणास पुष्कळ शिकता येईल.

लंडन शहरात सेंट पॉलच्या देवळाच्या परिसरात जॉन न्यूबेरी या नावाच्या गृहस्थाचे पुस्तकांचे दुकान होते. मुलांनी आनंदाने वाचावे अशी पुस्तके नेटाने काढणाऱ्या पहिल्या काही प्रकाशकांत त्याची गणना होते. १७४४ साली त्याने मुलांकरिता एक चिमुकले पुस्तक काढले. नुसत्या पुस्तकाची किंमत सहा पेन्स. आणखी दोन पेन्स दिले की मुलास एक चेंडू आणि मुलीस टाचण्या टोचण्याची एक उशी मिळे. चेंडूची व उशीची एक बाजू तांबडी आणि दुसरी काळी असे. चांगले काम हातून घडले की तांबड्या बाजूस टाचणी टोचावयाची, वाईट घडले की काळ्या बाजूस. मुलाने पुस्तक हाती घ्यावे म्हणून पुस्तकाबरोबर आणखी काहीतरी द्यावे लागते, ही समजूत किती जुनी आहे, हे यावरून दिसून येईल.

या न्यूबेरीच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर अमेरिकेत त्याचे नाव पुन्हा निघाले. १९२१ साली तेथील ग्रंथालय संघाच्या सभेत फ्रेडरिक मेल्चर यांनी अशी सूचना मांडली की, मुलांसाठी वर्षभरात जी पुस्तके निघतात त्यांतील सर्वोत्कृष्ट पुस्तकाच्या लेखकास न्यूबेरीच्या नावे एक पदक द्यावे. सूचना मान्य झाली आणि १९२२ साली पहिले पदक हेन्ड्रिक विलेम व्हान लून यांना मानवजातीचा इतिहास मुलांकरिता सांगितल्याबद्दल मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. न्यूबेरीने चेंडू दिला तो मुलास. मेल्चर यांनी पदक दिले ते पुस्तकास. मुलास लाच देण्यापेक्षा त्याच्या योग्यतेचे पुस्तक निर्माण होईल अशी व्यवस्था करणे अधिक चांगले, हा त्यातील अर्थ होय.

हे पदक एका भारतीयानेही मिळविले आहे, हे आपल्यातील थोड्यांसच ठाऊक असेल. कलकत्त्याच्या परिसरात १८९० साली जन्मलेले धनगोपाल मुखर्जी तरुणपणी जपानमार्गे अमेरिकेस गेले आणि तेथे इंग्रजीत लिहू लागले. चित्रग्रीव नावाच्या एका कबुतराची कथा त्यांनी लिहिली. कलकत्त्याच्या गच्चीवर वाढलेले हे पाखरू हिमालय पाहते, आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर निरोप्याचे काम करते. या पुस्तकास १९२८ साली न्यूबेरी पदक मिळाले. परक्या मुलांना आपल्या आकाशातले कबुतर आपलेसे वाटले, ही गोष्ट आम्हास पदकाहूनही मोठी वाटते.

पुढे ही चाल पसरत गेली. इंग्लंडमधील ग्रंथालय संघाने १९३६ सालापासून कार्नेगी पदक सुरू केले. त्या परीक्षकांचा करारीपणा असा की, १९४३ आणि १९४५ या वर्षांत योग्य पुस्तक आढळले नाही म्हणून त्यांनी पदक कोणासच दिले नाही. अमेरिकेत १९३८ साली चित्रांच्या पुस्तकासाठी कॅल्डेकॉट पदक निघाले, आणि त्याचा पहिला मान डोरोथी लॅथ्रोप यांना, पवित्र शास्त्रातील पशुपक्ष्यांची चित्रे काढल्याबद्दल मिळाला. आपल्या देशात साहित्य अकादमीने २०१० सालापासून बालसाहित्यासाठी पुरस्कार ठेवला असून मराठीचा पहिला मान अनिल अवचट यांना मिळाला; २०१४ साली तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला. ही सर्व पारितोषिके आदरास पात्र आहेत. गोंधळलेल्या आईबापांना आणि आमच्यासारख्या ग्रंथपालांना त्यांमुळे वाट सापडते.

तथापि, या सर्वांत एक उणीव राहते. पुस्तक मुलांचे, पण परीक्षक मोठी माणसे. मोठ्यांची दृष्टी विद्वान असली तरी ती मुलाची दृष्टी नव्हे. याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ई. बी. व्हाइट यांनी एक कोळीण व एक डुकराचे पिल्लू यांच्या मैत्रीची कथा १९५२ साली लिहिली. १९५३ च्या न्यूबेरी पदकाच्या वेळी परीक्षकांनी तिला उल्लेखनीय पुस्तकांत स्थान दिले, परंतु पदक दुसऱ्या पुस्तकास दिले. आज सत्तर वर्षे होऊन गेली तरी त्या कोळिणीची कथा मुलांच्या हातून सुटलेली नाही. परीक्षक चुकले असे आम्ही म्हणत नाही. मुलांना कोणी विचारले नव्हते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मुलांना विचारण्याची कल्पना मात्र त्याआधीच निघाली होती. सिएटल शहरातील हॅरी हार्टमन या पुस्तकविक्रेत्याच्या प्रेरणेने अमेरिकेच्या वायव्य भागातील ग्रंथालय संघाने १९४० साली एक पारितोषिक सुरू केले. त्यात पुस्तकांची यादी मोठी माणसे सिद्ध करतात, पण निवड करतात ती मुले. यादीतील निदान दोन पुस्तके वाचलेल्या अथवा ऐकलेल्या मुलासच मताचा अधिकार. १९५२ साली कॅन्सस संस्थानात विल्यम ॲलन व्हाइट यांच्या नावे तशीच योजना निघाली.

यावर कोणी शंका घेईल की, मुलांच्या हाती निवड दिली तर ती पोरकट पुस्तकेच निवडतील. कॅन्ससमधील पहिला निकाल या शंकेचे उत्तर आहे. १९५३ साली तेथील मुलांनी आफ्रिकेतून धरून आणलेल्या, गुलामगिरीत विकलेल्या आणि पुढे कष्टाच्या पैशाने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेल्या एमॉस फॉर्च्यून या पुरुषाचे चरित्र निवडले. एलिझाबेथ येट्स यांच्या याच पुस्तकास १९५१ साली विद्वान परीक्षकांनी न्यूबेरी पदक दिले होते. मुलांवर विश्वास टाकला असता ती गंभीर पुस्तकासही न्याय देतात, हे यावरून सिद्ध होते.

आता आमच्या कबुलीजबाबाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही या ग्रंथालयात जाहीर केले होते की, सुट्टीत जो मुलगा वा मुलगी सर्वांत अधिक पुस्तके वाचील त्यास चषक मिळेल. मुलांची झुंबड उडाली आणि आम्हास धन्यता वाटली. एक मुलगा शनिवारी तीन पुस्तके नेई आणि रविवारी मिस्सा सुटली की परत आणी. एके दिवशी आम्ही सहज विचारले, "बाळ, यात काय होते ते सांग पाहू." तो गप्प राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, पण मोजणीत धरलीत ना?" दोष त्याचा नव्हता. आम्ही मोजणीस बक्षीस ठेवले होते. त्याने मोजणी आणून दिली. चषक त्यालाच मिळाला. त्यानंतर तो ग्रंथालयात फिरकला नाही.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. त्याच सुट्टीत आठएक वर्षांची एक मुलगी एकच पुस्तक घेऊन गेली आणि ते तीन आठवडे तिने ठेवले. परत आणले तेव्हा त्याच्या पानांवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते. केळीचा चीक धुतल्याने जात नाही, हे आपल्या वाडीतील कोणास सांगणे नलगे. आम्ही रागावलो. चारचौघांत म्हणालो, "अशा हातांत पुस्तक द्यावयाचे नसते." ती काही बोलली नाही. पायरीवर क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली. पुढे ती पुन्हा आली नाही.

संध्याकाळी ते पुस्तक रद्दीत टाकावे म्हणून आम्ही उघडले. डाग पहिल्या पानावर होते, मधल्या पानांवर होते आणि शेवटच्या पानावरही होते. बापाला बागेत हातभार लावता लावता तिने ते अथपासून इतिपर्यंत वाचले होते. त्याच कपाटात शेजारी कित्येक वर्षे स्वच्छ राहिलेली पुस्तके होती; ती स्वच्छ राहिली याचे कारण त्यांना कोणी हातच लावला नव्हता. म्हणजे ज्या मुलाने वाचले नाही त्यास आम्ही चषक दिला, आणि जिने वाचले तिला घालवून दिले. ती आज गृहिणी झाली असेल. या सभेत असल्यास तिने आम्हास क्षमा करावी. ते पुस्तक आम्ही रद्दीत टाकले नाही. ते अजून कपाटात आहे.

आपल्या देशातील थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. पुस्तके उपयोगाकरिता आहेत, हा त्यांतील पहिला. नियम इतका साधा आहे की तो आम्हास पाठ होता. पाठ असणे आणि कळणे यांत किती अंतर असते, ते केळीच्या चिकाने आम्हास शिकविले.

म्हणून समितीपुढे आमची सूचना अशी आहे. या महोत्सवी वर्षात वाचनाबद्दल मुलास बक्षीस देऊ नये. मुलास परीक्षक करावे. शिक्षक, सिस्टर्स आणि वाचनाची आवड असलेले पालक यांनी दहा चांगल्या मराठी पुस्तकांची यादी करावी. प्रत्येकाच्या तीनतीन प्रती घ्याव्यात आणि त्या कुलुपात न ठेवता उघड्या फळीवर ठेवाव्यात. ज्यांना स्वतः वाचणे अद्याप साधत नाही, त्यांना मोठ्या मुलांनी अथवा आजीआजोबांनी वाचून दाखवावे. ऐकणे हेही वाचनच धरावे. निदान तीन पुस्तके पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलास एक मत द्यावे. मत देण्यापूर्वी मुलांनी एकत्र बसून हवा तितका वाद घालावा, आणि आपण मोठ्यांनी त्या दिवशी खोलीबाहेर राहावे. जे पुस्तक निवडले जाईल त्याच्या लेखकास मुलांच्या सह्यांचे पत्र पाठवावे. लेखक हयात नसल्यास ते पत्र पुस्तकाच्या आतल्या पानास चिकटवावे, म्हणजे पुढच्या पिढीस ते सापडेल.

यास खर्च फारसा येणार नाही. चषकाच्या किमतीत काही प्रती सहज येतील. परंतु लाभ मोठा आहे. बक्षिसासाठी वाचणारे मूल बक्षीस मिळताच वाचन सोडते. न्याय करण्यासाठी वाचणारे मूल लक्षपूर्वक वाचते, कारण त्याच्या मतास किंमत आहे हे त्यास कळलेले असते. शिवाय आपली बहुतेक मुले आता इंग्रजी शाळांत जातात. मराठी ही त्यांना घरात ऐकू येणारी भाषा राहिली आहे. डोळ्यांनी वाचण्याची भाषा ती उरेल की नाही, हे येत्या दहा वर्षांत ठरेल. नुसता उपदेश करून ती टिकणार नाही. एखाद्या मराठी पुस्तकाविषयी दोन मुले पायरीवर बसून भांडताना दिसली, तर ती टिकेल अशी आशा धरता येईल.

बालमित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुम्हास. पुस्तक न आवडले तर न आवडले म्हणून सांगा. त्याबद्दल कोणी रागावणार नाही. हात धुऊन पुस्तक घ्याल तर उत्तम. पण वाडीतून थेट आलात आणि हात चिकट असले, तरी परत फिरू नका.

फादर, ही कपाटाची किल्ली. आपल्या अनुज्ञेने आम्ही ती आज मुलांच्या स्वाधीन करीत आहो.