हजेरी आणि खाडा



शिक्षकांच्या अधिवेशनात अध्यक्षाने मागण्या वाचाव्यात असा रिवाज आहे. त्यांचा ठराव दुपारी होणारच आहे. मी मात्र माझ्या एका जुन्या हजेरीपटाविषयी बोलणार आहे.

दहावीला एक मुलगा होता. मागच्या बाकावरचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सहामाहीनंतर तो डबा खाईना, तासाला बाकावर डोकं टेकून पडू लागला. एका शुक्रवारी त्याने आपला कंपास शेजारच्या मुलाला कायमचा देऊन टाकला. मी वर्गासमोर त्याच्या दिलदारपणाचं कौतुक केलं! सोमवारी खाडा, मंगळवारी खाडा. शेतात कामाला नेला असेल, असं समजून मी पुढचं नाव पुकारलं. त्या महिन्याअखेर त्याचं नाव पटावरून कमी करावं लागलं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. निकालाच्या आठवड्यात आपण सगळा दोष परीक्षेच्या माथी मारतो. पण गावात राहणाऱ्याला ठाऊक आहे, कारण एकटं नसतं. घरातलं कर्ज, मारहाण, न विचारता ठरवलेलं लग्न, मोबाइलवर फिरलेला फोटो, जातीवरून झालेला अपमान आणि कुणी न ओळखलेलं नैराश्य, असा तो गुंता असतो.

मग शिक्षकाने समुपदेशक व्हायचं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. मुलांच्या समुपदेशनासाठी जिथे वेगळा माणूस नेमला, तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य कमी झालं. तेच काम शिक्षकांवर सोपवलं, तिथे फरक दिसला नाही. शिक्षक नालायक होते म्हणून असं झालं, असं मी मानत नाही. शिकवणं, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, या सगळ्यावर आणखी एक ओझं चढवलं की ते कागदावरच पूर्ण होतं.

आपलं काम त्याआधीचं आहे. रोज सकाळी प्रत्येक मुलाचं नाव घेऊन त्याच्याकडे बघणारा, घराबाहेरचा माणूस गावात दुसरा कोण आहे? हसरं मूल अबोल झालं, आवडती वस्तू वाटू लागलं, वहीच्या मागच्या पानावर निरवानिरवीची भाषा आली, तर त्याला बाजूला घ्या आणि सरळ विचारा, “जगणं नको असं वाटतं का रे?” विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट कोंडलेला जीव मोकळा होतो. उपदेश करू नका, ऐका. होकार आला तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांपैकी ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे, त्याला बोलवा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापर्यंत सोबत जा. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. पालकसभेत सांगा, फवारणीची औषधं कुलपात ठेवा. मरणाच्या विचाराची लाट ओसरेपर्यंतचा तेवढा अवधीही जीव वाचवतो.

शासनाकडे माझी मागणी एकच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं, लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायला सांगितलं. आपल्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आतला आहे. तेव्हा केंद्रशाळेच्या पातळीवर, दर आठवड्याला ठरल्या वारी येणारा समुपदेशक द्या. आमचे शिक्षक मुलाला समुपदेशकाच्या दारापर्यंत आणतील, पण ते दार उघडं असलं पाहिजे.

तोवर आपण आपल्या हातातलं करू. सलग दोन खाडे पडले की शाळा सुटायच्या आत त्या घरी कुणीतरी जाऊन यायचं, एवढा नियम आज इथून घेऊन जाऊ. खाडा मांडताना पेन क्षणभर थांबवा.

त्या मंगळवारी माझं थांबलं नव्हतं.