घाईने आलेलं बाळ आणि आपली घाई

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेलं भाषण)



लंबोदराच्या मांडवात पोटाविषयी बोलायचं, म्हणजे विषय तसा घरचाच. फक्त आजचं पोट अगदी लहान आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत लागलो, आणि वीसेक वर्षं सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे उभा आहे. पण आज बोलतोय ते बाप म्हणून.

आमची धाकटी 32व्या आठवड्यात झाली. वजन 1 किलो 400 ग्रॅम. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं की बाळ अकाली म्हणायचं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी बाळाला अंगावर पाजलं तर दूध श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घातली होती. दर दोन तासांनी 2 मिली दूध. तेवढंच! माझी आई काचेतून बघून म्हणाली, "अरे, एवढ्याने चिमणीचं तरी पोट भरेल का?"

पण कारण होतं. अशा बाळाची आतडी अजून कच्ची असतात. एकदम भार पडला तर आतड्याला सूज येते, कधी त्याचा भाग निकामी होतो. आईच्या दुधावर असलेल्या बाळांत हा धोका कमी असतो. शिवाय अकाली बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिनं जास्त असतात. म्हणून पहिला पिवळा चीक कधीही फेकू नका. आईला दूध येत नसेल, तर दुसऱ्या मातांनी दिलेलं, तपासून निर्जंतुक केलेलं दूध मिळू शकतं. अशी आपल्या देशातली पहिली दूधपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

आमची ही दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यायची, रात्रीसुद्धा. पुढे बाळाला उघड्या छातीशी धरून बसवायला लागले. ही कांगारू पद्धत 1978च्या सुमारास कोलंबियात सुरू झाली. बाळाला ऊब मिळते आणि आईचं दूधही वाढतं.

तीन आठवड्यांनी घरी आलो. आईने सुनेसाठी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू केले. बाळाला वाटी-चमच्याने दूध चालू होतं. आणि मी? मी रोज वजनाचा हिशोब मांडत बसायचो. शेजारच्या बाळाशी तुलना करायचो. शेवटी दुधाच्या पावडरचा डबा आणला आणि वजन लवकर वाढावं म्हणून मापापेक्षा जास्त पावडर घालून घट्ट दूध केलं. घरात कुणाला विचारलं नाही. औषधाचं माप दिवसभर लोकांना समजावून सांगणारा माणूस मी!

चौथ्या दिवशी पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली. दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, "घरी काय दिलंत?" मी पटकन म्हणालो, "आईने गुटी उगाळली असेल." आई शेजारीच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "सूनबाई नको म्हणाली तेव्हापासून सहाण वर ठेवली आहे रे." मग मला डब्याचं सांगावं लागलं. दूध बंद, सलाइन, इंजेक्शनं; आठ दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, एकच कारण छातीठोकपणे सांगता येत नाही, पण इतकं घट्ट दूध अशा आतड्यांना झेपत नाही.

बाळ घाईने आलं होतं, हे खरं. पण त्यानंतरची घाई माझी होती.

म्हणून काही गोष्टी सांगतो. पहिले सहा महिने मध, गुटी, ग्राईप वॉटर, पाणी काही नको. मध तर वर्षभर नकोच. गाईचं दूध पिण्यासाठी वर्षाच्या आत देऊ नये. पावडर द्यावी लागलीच, तर डॉक्टरांना विचारून आणि डब्यावरच्या मापानेच. बाळाचा लोहाचा साठा गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत होतो. आपलं बाळ त्याआधीच आलेलं असतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेले लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब बंद करू नका.

बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल, तर वाढ बघताना वयातून ते दोन महिने वजा करा. वरचं अन्न कधी सुरू करायचं, तेही हा हिशोब धरून डॉक्टरांना विचारा. सुरुवात वरणाच्या पाण्याने नको, त्यात पाणीच जास्त. चमच्यावरून ओघळणार नाही असा मऊ वरणभात, वर तूप. किंवा नाचणीचं सत्त्व.

अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसात पाच-सहा वेळा शी होते, नंतर कधी दोन-तीन दिवस होतही नाही. शी मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल तर घाबरू नका. पण पोट टणक, उलटी हिरवी, शीत रक्त, किंवा बाळ मलूल होऊन पिईनासं झालं, तर सकाळची वाट बघू नका.

आणि घरातल्या मोठ्यांना दोष देण्याआधी आपण काय केलं ते आठवा. आईची माफी मी त्याच रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर मागितली. ती म्हणाली, "आधी पोरीला बरं वाटू दे."

तीच पोर मघाशी या व्यासपीठावर अथर्वशीर्ष म्हणून गेली. तेरा वर्षांची आहे. घरी गेल्यावर पाच मोदक खाईल, आणि मी मोजणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!