नवी बॅटरी आणि जुना दोष

(भोर व वेल्हे भागातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज मी अध्यापनपद्धतीवर बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. परंतु गेल्या पावसाळ्यात शाळाभेटीच्या वेळी जो एक प्रश्न मला पुनःपुन्हा विचारण्यात आला, त्याचाच विचार आपणांसमोर मांडण्याचे मी योजिले आहे. प्रश्न असा, की "साहेब, बॅटरी नवी घातली, तरी इन्व्हर्टर टिकत नाही, आता काय करावे?"

भाटघरच्या धरणाच्या पायथ्याशी वीज निर्माण होते, आणि त्याच तालुक्यात हिरडोशीच्या बाजूस मृगाचा पाऊस लागला म्हणजे वीज केव्हा जाईल व केव्हा येईल याचा नेम राहत नाही. केळद, पासली या बाजूची कथा निराळी नाही. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले. संगणक व प्रोजेक्टर आले आणि त्यांच्या पाठोपाठ इन्व्हर्टरही आले. ती यंत्रे आता जुनी झाली आहेत. बॅटरीचे आयुष्य त्यांच्याहून कमी असल्यामुळे जुन्या यंत्रास नवी बॅटरी जोडण्याचा प्रसंग बहुतेक शाळांवर एकदा तरी येऊन गेला असेल.

राजगडाच्या पश्चिमेकडील एका दोनशिक्षकी शाळेत मी गेलो होतो. तेथील गुरुजींनी भाताचे पीक निघाल्यावर गावाकडून वर्गणी गोळा करून दीडशे अँपिअर-तासांची नवी बॅटरी आणली होती. वीज गेली की दहा मिनिटांत यंत्र शिट्टी वाजवून बंद पडे. जुनी बॅटरीही शेवटी शेवटी असेच करीत असे. दुकानदाराने सांगितले, "यंत्रच गेले, नवे घ्या." गावात कुजबूज सुरू झाली, की गुरुजींनी जुनीच बॅटरी रंग देऊन गळ्यात बांधून घेतली. वर्गणीचा पैसा हाताळणाऱ्या माणसास हा आरोप किती जिव्हारी लागतो हे आपणांस मी सांगावयास नको.

माझ्या पिशवीत मल्टिमीटर असतो. मी तो लावून पाहिला, बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत होती. सहा घटांची बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवली, तर तिचा दाब इतकाच, फार तर १२.८ च्या जवळपास असतो. तेव्हा बॅटरी उत्तम, असा निर्वाळा देऊन मी निघण्याच्या बेतात होतो. त्या वेळी चौथीतील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, लाइट गेल्यावर तिथे करपल्यासारखा वास येतो." तिला हे आधी कोणी विचारलेच नव्हते, मीही नाही.

मग मुख्य स्विच बंद करून प्रोजेक्टर, संगणक व पंखा इन्व्हर्टरवर चालू केला आणि पुन्हा मोजमाप घेतले. मीटरचे टोक टर्मिनलच्या पकडीवर न ठेवता शिशाच्या खुंटावरच ठेवले. बॅटरी १२.१ दाखवीत होती. भार घातल्यावर एवढी घट स्वाभाविक आहे. नंतर एक टोक धन खुंटावर आणि दुसरे टोक त्यावरच बसविलेल्या केबलच्या उघड्या तांब्यावर ठेवले. येथे जवळजवळ शून्य यावयास हवे, आले १.६. म्हणजे बॅटरीतून १२.१ निघत होते व यंत्रास साडेदहाच पोहोचत होते. बारा व्होल्टचे बहुतेक इन्व्हर्टर दाब साडेदहाच्या आसपास उतरला म्हणजे बॅटरी वाचविण्यासाठी आपण होऊन बंद होतात. यंत्र आपले काम चोख करीत होते! केबलच्या टोकाचे लग हिरव्या-निळ्या पुडीने आतून कुजले होते आणि हात जवळ नेताच त्याची धग लागत होती.

पहिल्या मोजमापात हा दोष का दिसला नाही? आपल्याकडील भातखाचरांचे उदाहरण घ्या. दोन खाचरांमधील तोंडात गवत अडकले असेल, तरी पाणी थांबलेले असताना दोन्ही अंगांची पातळी सारखीच दिसते. खालचे खाचर फोडून पाणी वाहते केले, की मग खालची पातळी झरझर उतरते आणि अडथळा कळून येतो. विजेचेही तसेच आहे; प्रवाह वाहत नसेल तेथे अडथळ्यावर दाब पडत नाही. म्हणून नुसती स्वस्थ बॅटरी मोजून कोणासही दोषी अथवा निर्दोष ठरवू नये. हे उदाहरण विज्ञानाच्या तासास उपयोगी पडेल. प्रयोग मात्र टॉर्चच्या सेलवर व छोट्या दिव्यावर करावा, इन्व्हर्टरवर मुलांचा हात पडू देऊ नये.

लग बदलले, खुंट सोड्याच्या पाण्याने पुसून काढले (हे पाणी घटांच्या झाकणांतून आत जाणार नाही अशी काळजी घेऊन), वर व्हॅसलिन लावले. यंत्र त्या दिवशी चालले ते चाललेच.

सर्वच ठिकाणी केबल दोषी असते असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी नवी बॅटरी पुरती भरण्यापूर्वीच तिची परीक्षा घेतली जाते. तिला प्रथम निदान एक रात्र सलग वीज मिळावयास हवी. काही यंत्रांच्या पाठीशी बॅटरीचा प्रकार निवडण्याची कळ असते. पूर्वी बंद प्रकारची बॅटरी होती आणि आता पाणी घालावयाची आणली, तर ती कळ बदलावी लागते; पुष्कळांस ती ठाऊकच नसते. चोवीस व्होल्टच्या यंत्रास दोन बॅटऱ्या लागतात; त्यांतील एकच बदलून काटकसर करू नये, कारण जुनी आधी उतरते आणि नवीलाही पुरते काम करू देत नाही. संगणकाच्या छोट्या यूपीएसमध्ये तांबडी व काळी तार उलट जोडली गेल्यास फ्यूज उडतो, क्वचित् अधिकही नुकसान होते. आणि वीज चालू असूनही तासाभराने दाब तेराच्या वर चढत नसेल, किंवा पंधराच्या घरात जात असेल, तर चार्जिंगचाच भाग बिघडला असे समजून जाणत्या कारागिरास बोलवावे. असे यंत्र नवी बॅटरीही उपाशी ठेवून किंवा उकळवून मारील. झाकण आपण उघडू नये. वीज तोडल्यावरही आतील कपॅसिटर काही काळ भारलेले राहतात.

बॅटरी सोडविताना प्रथम ऋण बाजू, जोडताना ती शेवटी. हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी असावी व जवळ उदबत्तीसुद्धा नको. कित्येक शाळांत सरस्वतीची तसबीर नेमकी इन्व्हर्टरच्या वर टांगलेली मी पाहिली आहे! पाणी घालावयाचे ते डिस्टिल्डच, आम्ल कदापि नाही.

त्या शाळेतील गुरुजींनी शेवटी मला विचारले, "साहेब, मग आमची जुनी बॅटरी मेलीच नव्हती की काय?" कदाचित् नसेलही, पण ती बदल्यात दुकानात जमा झाली होती. जुनी बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी हे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांस धरूनच होते, त्यात गुरुजींची चूक नाही. फक्त देण्यापूर्वी ती भाराखाली मोजावयास हवी होती. त्यांनी आता साठा नोंदवहीत दर महिन्याचे दोन आकडे लिहिण्यास आरंभ केला आहे: एक स्वस्थ असतानाचा, एक भाराखालचा. ग्रामसभेत त्यांनी ती वही व कुजलेले लग दोन्ही नेऊन दाखविले.

ज्या शाळांस मल्टिमीटर हवा असेल त्यांनी जाण्यापूर्वी केंद्रप्रमुखांकडे नाव नोंदवावे. माझ्याजवळचा एक मीटर आळीपाळीने पाठविता येईल. परत करताना त्यातील सेल तेवढा काढून ठेवू नये, ही विनंती.